कुट्टनाड: समुद्राच्या खालच्या भातशेतीत पाच दिवस

काकांच्या खाराला (खाडीकाठी बांध घालून केलेली भातशेती) मागच्या वर्षी भाद्रपदातल्या उधाणाला खांड गेली. बांध फुटला तेव्हा खाडीचं पाणी आत आलं आणि परत गेलंच नाही, दीड एकरात भाताच्या जागी आता कांदळाची (खारफुटीची) रोपं उभी आहेत. पेण-अलिबागकडे हे नवीन नाही. पण त्यानंतर घरात जेवढ्या वेळा हा विषय निघाला तेवढ्या वेळा कोणीतरी म्हणायचंच की केरळात कुट्टनाडला बघा समुद्राच्या पातळीखाली भात पिकवतात, आणि कोणीच ते बघितलेलं नाही. म्हटलं जाऊन येऊ. नोव्हेंबर मुद्दाम निवडला कारण तिकडे तेव्हा शेतातलं पाणी उपसून पेरणी चालू असते. आपल्याकडे भात कापून झालेलं असतं तेव्हा!

दिवस पहिला (म्हणजे खरं दीड दिवस गाडीतच)

पनवेलहून नेत्रावती पकडली. कोकण रेल्वेबद्दल लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल, ते सोडून देतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आलप्पुळाला (अलेप्पी) उतरलो.

तिथली जेट्टी म्हणजे आपला एसटी स्टँडच, फक्त बसच्या जागी बोटी. सरकारी जलवाहतूक खात्याच्या बोटी आहेत, तिकीट पन्नासच्याही आत, शाळेची पोरं, मासळीची टोपली घेऊन बसलेल्या बायका, गॅसचा सिलेंडर, सगळं एकाच बोटीत. शेजारून त्या मोठ्या हाऊसबोटी जातात एसी लावून. गंमत म्हणजे ह्या हाऊसबोटी मुळात भाताच्याच बोटी. केट्टुवल्लम म्हणतात, फळ्या काथ्याने शिवलेल्या, खिळा नाही, भात भरून कोचीकडे न्यायच्या. आता भाताच्या जागी हनिमूनवाले जातात.

बोट पुन्नमडा तळं सोडून पुढे गेली आणि एका ठिकाणी मी उगाच उभा राहून पलीकडे बघितलं. डाव्या हाताला कालव्याचं पाणी, मग सात-आठ फुटांचा बांध, त्यावर नारळ आणि घरं, आणि घरांच्या मागे शेत पण खाली. खाली म्हणजे खरंच खाली, बोटीत उभं राहून मी शेताकडे वाकून बघत होतो. डोक्याला पटायला वेळ लागतो. नकाशात वाचलं होतं की इथली जमीन समुद्रसपाटीपेक्षा साधारण ०.६ ते २.२ मीटर खाली आहे पण २.२ मीटर म्हणजे किती ते तिथे कळलं, माझ्यापेक्षा उंच.

मुक्काम कैनकरीला, बांधावरच्याच एका घरात. घरमालकाला सगळे चेट्टन म्हणतात म्हणून मीही चेट्टन म्हणायला लागलो, मोठा भाऊ. त्यांचं हिंदी आणि माझं इंग्रजी साधारण सारख्याच लायकीचं त्यामुळे छान जमलं.

दिवस दुसरा: पेटी आणि परा

पहाटे साडेचारला जाग आली ती आवाजाने. धड-धड-धड असा एकसुरी, आणि त्याच्याखाली पाण्याचा. चहा पिता पिता चेट्टनना विचारलं तर म्हणाले हा आवाज बंद झाला की आम्हाला जाग येते.

बांधावरून दहा मिनिटं चालत गेलो. पत्र्याची एक खोली, आत मोठी इलेक्ट्रिक मोटर, तिच्या पुलीवरून चामड्यासारखा जाड पट्टा खाली गेलेला. पट्टा फिरवतो एक उभा दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा, आणि तो पंखा एका उभ्या पिंपात. पिंप शेतातल्या पाण्यात बुडालेलं. पंखा पाणी वर ढकलतो, पिंपाच्या डोक्यावर एक लांबट लाकडी खोका जोडलेला आहे त्यातून ते पाणी बांधाच्या पलीकडे कालव्यात पडतं. ह्याचं नाव पेट्टी आणि परा. पेट्टी म्हणजे आपली पेटीच! परा म्हणजे पिंप, तिकडे भात मोजायच्या मापालाही परा म्हणतात, आपल्या पायलीसारखं. एवढं साधं यंत्र आहे की गावातला सुतार आणि वेल्डर मिळून दुरुस्त करतात. वीज खूप खातं, पाणी उचलतं त्या मानाने, म्हणून नवीन पंप आणायचे प्रयत्न बरेच झालेत. पण चेट्टनचं म्हणणं असं की नवीन पंपात पानकुंभी (पाण्यावर तरंगणारं तण) अडकली की माणूस शहरातून बोलवावा लागतो, ह्याच्यात अडकली तर हा इथे उभा असलेला पोरगा हाताने काढतो. त्याच्याआधी पायाने फिरवायची चक्रं होती, चक्रम, लाकडी पात्यांची, माणसं वर बसून रात्रंदिवस पायाने पाती ढकलत. एक जुनं चक्र एका घरापुढे शोभेला ठेवलंय, त्याच्यावर कपडे वाळत घातले होते.

आता मुद्द्याचं. मी समजत होतो की ही लोकं पूर अडवतात. अडवत नाहीत! मुख्य पीक म्हणजे पुंजा, ते ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेरून मार्च-एप्रिलपर्यंत काढतात. काढणी झाली की पावसाळ्यात बांधाची दारं (आपल्याकडे उघाडी म्हणतात ती) उघडून पाणी स्वतःच आत घेतात आणि तीन-चार महिने शेताचं तळं करून ठेवतात. पंपा, अच्चनकोविल, मणिमला, मीनच्चिल अशा नद्या डोंगरातून उतरतात त्या सगळ्या ह्या बशीत येऊन पडतात, त्यांच्याशी बांधाने कुस्ती खेळण्यात अर्थ नाही. आत पाणी असलं की बांधाला दोन्हीकडून टेकू मिळतो, एका बाजूने दाब येत नाही. हे ऐकल्यावर मी जरा वेळ गप्पच झालो कारण आमच्याकडे आम्ही जूनमध्येच लावायला घेतो आणि मग भाद्रपदाच्या उधाणाला देवाचं नाव घेत बांधावर बसतो.

काही जण पावसाळ्यातही दुसरं पीक घेतात, पण तो जुगार. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तो पूर आला तेव्हा जे शेतात होतं ते सगळं गेलं, शेतच काय घरं पण, अख्खं कुट्टनाड रिकामं करून माणसं आलप्पुळा-चंगनाश्शेरीच्या छावण्यांत नेली. कैनकरीतलं पाणी तर पूर ओसरल्यावरही कित्येक आठवडे हललं नाही कारण बांध फुटलेले आणि मोटरी पाण्याखाली. चेट्टननी भिंतीवरची रेघ दाखवली, माझ्या छातीच्या वर. आणि मग म्हणाले, त्याच्या पुढच्या पुंजाला पीक मात्र असं आलं की तसं आधी बघितलं नव्हतं. गाळ!

दुपारी जेवायला लाल भात आणि करिमीन मासा. तो भात तोंडात गेला आणि मला एकदम आजीच्या हातच्या राताच्या पेजेची आठवण झाली. राता म्हणजे आमच्याकडचं खारातलं जुनं लाल भात, खारं पाणी सोसणारं, आता फार कोणी लावत नाही, सगळे पनवेल-१, पनवेल-३ वर गेले.

दिवस तिसरा: ज्या दिवशी बोट चुकली

सकाळी छोट्या होडीतून दुसऱ्या पाडशेखरमला. पाडशेखरम म्हणजे एका बांधाच्या आतली सगळी शेतं मिळून एक गट, कुठे पन्नास एकर, कुठे हजाराच्या आसपास, मालक शंभर-दोनशे. समिती असते, सेक्रेटरी असतो. पंपाचं कंत्राट लिलावाने जातं, त्यासाठी सरकारचं वेगळं ऑफिस आहे, पुंजा स्पेशल ऑफिस, सबसिडी मिळते. पेरणीची तारीख समिती ठरवते. एकट्याला लवकर पेरायचं असेल तर नाही पेरता येत, कारण पाणी एकट्याचं उपसता येत नाही. हे एक वाक्य मी वहीत लिहून खाली दोनदा रेघ मारली.

इथे पाणी उपसून झालं होतं, पण शेत पूर्ण कोरडं करत नाहीत. मी विचारलं का, तर एक आजोबा खाली उतरले, घोट्यापर्यंत चिखलात, हात घालून एक गोळा काढला. काळाकुट्ट, त्यात कुजलेल्या लाकडाचा तुकडा, वास अंड्यासारखा. ही करी जमीन. कधीकाळी इथे जंगल होतं ते गाडलं गेलं. ह्या मातीत गंधक आहे, हवा लागली की त्याचं ॲसिड होतं आणि भाताची मुळं जळतात. म्हणून ओल ठेवायची, चुना टाकायचा (तोही इथल्याच तळ्यातल्या शिंपल्यांचा), आणि पाणी आत घ्यायचं बाहेर काढायचं, दोन-तीनदा, म्हणजे आंबटपणा धुऊन जातो. पावसाळ्यातला पूर हे काम फुकटात करतो. आजोबांनी गोळा परत जागेवर ठेवला, नुसता टाकला नाही, ठेवला, आणि पायाने दाबला.

अजून एक डोकं चालवलेलं बघितलं. शेतात रानभात फार, वरीनेल्लू म्हणतात, दिसायला भातासारखंच पण कुसळं लांब आणि पिकायच्या आधीच दाणे गळतात, म्हणजे दरवर्षी दुप्पट. त्याच्यावर उपाय असा की पाणी उतरवून आधी त्यालाच उगवू द्यायचं, हिरवं गार झालं की परत पाणी भरून बुडवून मारायचं, मग पुन्हा उपसून आपलं बी टाकायचं. ज्या पाण्याने मरायची भीती त्याच पाण्याने तण मारायचं.

पेरणी शेजारच्या खाचरात चालू होती. लावणी नाही, आवण काढणं नाही. बी गोणीत भिजवून, दाबून ठेवून मोड आणलेलं, एकरी चाळीसेक किलो, आणि चिखलावर मुठीने फेकायचं. सहा-सात माणसं ओळीत, कमरेला टोपली, हात असा अर्धगोल फिरतो आणि पाण्यावर सर्रकन पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. मला एक मूठ दिली. मी फेकली ती सगळी एकाच जागी ढीग. ते हसले, मग एक चेची (म्हणजे ताई) येऊन तो ढीग बोटांनी विसकटून गेल्या. बी उमा जातीचं होतं, इथल्याच मंकोंबूच्या भात संशोधन केंद्राने काढलेलं, लाल, तुडतुड्याला दाद न देणारं, चार-साडेचार महिन्यांचं. पेरणीला उशीर झाला तर ज्योती घेतात, तिला कमी दिवस लागतात. (मंकोंबू म्हणजे एम. एस. स्वामिनाथन यांचं मूळ गाव, ते नंतर बोटीतून जाताना कळलं.)

इथे मी माझा आवडता प्रश्न विचारला. ओडिशा-बिहारकडे ते स्वर्णा सब-१ आहे ना, २००९ ला आलेलं, पंधरा दिवस पाण्याखाली बुडालं तरी मरत नाही, वाढ थांबवून दम धरून बसतं, ते इथे का नाही लावत? सेक्रेटरी म्हणाले, तिकडे पूर येतो आणि आठ-दहा दिवसांनी जातो. इथे बांध फुटला तर दोन मीटर पाणी येतं आणि मोटर लावल्याशिवाय जात नाही. बियाण्याने किती दिवस दम धरायचा? खरंच की. आमच्याकडे प्रत्येक बैठकीत बियाण्यावरच चर्चा होते, कुठलं लावायचं, कुठून आणायचं, आणि बांधाचा विषय निघाला की सगळ्यांना कामं आठवतात.

ह्या गप्पांत परतीची बोट गेली. म्हणजे गेली नाही, मी कालव्याच्या चुकीच्या बाजूला उभा होतो आणि ती समोरून गेली, मास्तरने हात पण केला. पुढची दोन तासांनी. चारच्या सुमारास ढग आले आणि अर्ध्या तासात असा गडगडाट करून पाऊस पडला की मी कोणाच्या तरी बदकांच्या खुराड्याच्या छपराखाली उभा. तुलावर्षम म्हणतात, परतीचा पाऊस. समोर पाच-सहाशे बदकं शांत. काढणीनंतर ही बदकं शेतात सोडतात, गळलेलं भात आणि किडे खाऊन साफ करतात, मालक एका पाडशेखरमवरून दुसऱ्यावर त्यांना हाकत नेतो.

रात्री अकराला टॉर्च घेऊन चेट्टन बाहेर निघाले म्हणून मीही गेलो. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. वृश्चिक महिन्यातलं उधाण, आपल्याकडच्या भाद्रपदासारखी त्यांची ही भीती, समुद्र वेंबनाड तळ्यातून उलटा वर चढतो आणि नेमकं तेव्हाच आत शेत रिकामं असतं. म्हणजे बाहेर पाणी वर, आत काही नाही, सगळा दाब बांधावर. बांधाच्या कडेला एक बांबू रोवलेला, त्याला कोयत्याने खाचा. चेट्टननी बोटाने खाच चाचपली, डोळ्याने नाही बोटाने, आणि म्हणाले चार बोटं शिल्लक. पलीकडून दुसऱ्या कोणाची तरी टॉर्च येत होती, मध्ये भेटले, दोन शब्द बोलले, वळले. रात्रभर पाळ्या लावलेल्या. एका ठिकाणी खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपत होतं, मनगटाएवढं पण नाही. तिघांनी तिथेच खाली वाकून कालव्याच्या तळाची चिकणमाती काढली, गोळे करून बिळात कोंबली, वर टाच मारून दाबलं, नारळाची झावळी ठेवली. वीस मिनिटं. त्यातल्या एकाचं शेत तिथून दीड किलोमीटर लांब होतं. खांडीला ते मडा म्हणतात, आणि तो शब्द रात्री मोठ्याने बोलत नाहीत असं मला वाटलं, कदाचित माझा भास असेल.

दिवस चौथा: दरवाजे

आज रिक्षाने. आधी दक्षिणेला तोट्टप्पळ्ळी. रस्ता तोच आपला ६६ नंबरचा हायवे, पनवेलला सुरू होतो तो, आणि कामही तसंच अर्धवट चाललेलं, एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तोट्टप्पळ्ळीचा स्पिलवे १९५५ चा, चाळीस दारं, नद्यांचं पुराचं पाणी तळ्यात फिरवण्यापेक्षा इथून थेट समुद्रात सोडायचं. कागदावर जेवढं पाणी जायला पाहिजे त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा जातं, कारण नदीकडून येणारा कालवा अरुंद आणि समुद्राच्या तोंडाशी वाळूचा बांध तयार होतो तो दर पावसाळ्यात कापावा लागतो.

मग उत्तरेला तण्णीरमुक्कम. वेंबनाड तळ्यावर सव्वा किलोमीटरचा बंधारा, १९७६ ला सुरू झाला, साधारण डिसेंबरच्या मध्यावर दारं बंद करून उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी अडवायचं म्हणजे पुंजाचं पीक वाचतं. वाचतं हे खरं. पण पुलावर एका मच्छीमाराने मला जे ऐकवलं तेही खरं, खारं-गोडं मिसळत नाही म्हणून मासळी कमी झाली, पाणी साचून राहतं, पानकुंभीचे गालिचे, शेतातली औषधं तिथेच. दारं कधी बंद करायची आणि कधी उघडायची ह्यावरून शेतकरी आणि कोळी दरवर्षी भांडतात. मला दोघांचंही पटलं आणि त्यामुळे रिक्षात बसून डोकं दुखायला लागलं.

दिवस पाचवा: चित्तिरा

शेवटच्या दिवशी तळ्यातली कायल शेतं. कायल म्हणजे तळं, आणि ही शेतं तळ्याच्या आतच केलेली. काही ब्लॉकना इंग्रजी अक्षरांचीच नावं, आर ब्लॉक वगैरे. चित्तिरा, मार्तांडम आणि राणी ही तीन १९४० च्या दशकात जमीनदार जोसेफ मुरिक्कन यांनी उभी केली, युद्धामुळे धान्याची टंचाई होती, त्रावणकोर सरकारने परवानगी दिली. पद्धत अशी की पाण्यात नारळाच्या खोडांच्या दोन रांगा ठोकायच्या, बांबूच्या तट्ट्या बांधायच्या आणि मध्ये तळाची माती भरायची. ती माती माणसं बुडी मारून काढायची, श्वास धरून, चिकणमातीचे चौकोनी ठोकळे कापून वर. शेतांना नावं राजघराण्याची. बुड्या मारणाऱ्या पुलया जातीच्या मजुरांची नावं मात्र कुठे नाहीत, बांध टिकावा म्हणून माणूस गाडल्याच्या गोष्टी तेवढ्या आहेत. आपल्याकडे पुलांच्या, किल्ल्यांच्या सांगतात तशाच.

बांधावर उभं राहिलं की एका बाजूला वेंबनाडच्या लाटा आपटतात आणि दुसऱ्या बाजूला दोन मीटर खाली पोपटी रोपं, इथे पेरणी आधी झाली होती. बांधाची आतली बाजू दगडी, बाहेरची पण, तरी जागोजाग नवीन मातीचे ठिगळ. तिथल्या माणसाने सांगितलं हाऊसबोटींच्या लाटांनी पण झिजतो. भाताच्याच बोटी परत आल्या त्या अशा.

भाताची सरकारी खरेदी, पैसे उशिरा, ओलाव्याच्या नावाखाली क्विंटलमागे कापणारे दलाल, ह्यावर संध्याकाळी चेट्टन तासभर बोलले. ते सगळं लिहीत नाही, आपल्याकडचंच आहे, फक्त मल्याळममध्ये.

रात्री स्टेशनवरून काकांना फोन केला. पेटी-परा सांगितलं, बांबूच्या खाचा सांगितल्या, पावसाळ्यात पाणी आपणच आत घ्यायचं हे सांगितलं तेव्हा म्हणाले येडा झालास का. मग विचारलं, मोटरचं बिल कोण भरतं? मी म्हटलं सरकारची सबसिडी आहे, वर जे लागेल ते एकराप्रमाणे वाटून घेतात, सगळे देतात.

फोनवर जरा वेळ काहीच नाही. मला वाटलं कट झाला.

"सगळे?" काका म्हणाले. "आपल्या उघाडीच्या फळ्या बदलायच्या होत्या तेव्हा चौदा जणांची मीटिंग लावली होती. मी आणि तुझा बाप दोघंच होतो."